गोलरक्षक मुलीचा तोंडी होकार

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्या तयार होत. मी तेथे विक्री विभागाचा प्रमुख होतो. तेजीच्या वर्षांत निम्मा धंदा फोनवरच चाले. "हबीबी, ऑर्डर पक्की. कागद मागून येतो. यल्ला, कटिंग सुरू करा," असे कंत्राटदार सांगे आणि आम्ही कटिंग सुरू करीत असू. कागद मागून येतही असे. २००८ साल संपता संपता तो येईनासा झाला. इमारतींची कामे पायापाशीच थांबली आणि त्यांच्या मापाने कापलेल्या खिडक्या आमच्या आवारात उभ्या राहिल्या. एका इमारतीसाठी कापलेली खिडकी दुसरीला बसत नाही. त्या हिवाळ्यापासून सहीशिवाय कोणतीही गोष्ट मी खरी धरली नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीने एका फुटबॉल प्रशिक्षकाला तोंडी होकार दिला.

ती बारावीत होती आणि शाळेच्या संघाची गोलरक्षक होती. आमच्या ऊद मेथा भागातल्या शाळांतील मुलींसाठी सुट्टीत एक शिबिर भरले होते. त्यासाठी पुण्याच्या एका कॉलेजचे प्रशिक्षक आले होते. त्यांना आपल्या कॉलेजात मुलींचा संघ नव्याने बांधायचा होता. शिबिर संपले त्या दिवशी मैदानाच्या कडेलाच त्यांनी माझ्यासमोर तिला विचारले, "जूनमध्ये माझ्याकडे येशील? खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश, होस्टेलची खोली, आणि गोलमध्ये पहिली तू. माझा शब्द."

अशा वेळी इन्शाल्ला म्हणून मोकळे होण्याची तिकडे सर्वांना सवय असते. ती म्हणाली, "येस सर. येते."

मी ते मनावर घेतले नाही. जून दूर होता.

मे महिन्यात निकाल लागला आणि लगेच मुंबईच्या एका कॉलेजातून फोन आला. त्यांचा संघ नावाजलेला होता. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी पाठवलेले तिचे चित्रण त्यांनी पाहिले होते. तीन वर्षांची फी माफ, राहणे-जेवणे कॉलेजकडे. उत्तर गुरुवारपर्यंत हवे होते. माझा पगार तोवर निम्म्यावर आला होता आणि नोकरी राहील याची खात्री कोणी देत नव्हते. मुलगी कोठे शिकणार हा प्रश्न आमच्या घरात त्या आठवड्यात केवळ खेळाचा नव्हता.

जेवताना मी म्हणालो, "मुंबईचं घे."

"बाबा, आय ऑलरेडी सेड येस."

"कागद दाखव."

"कागद नाहीये."

"मग होकारही नाही."

माझी पत्नी पोळी वाढता वाढता म्हणाली, "अगं, दुकानदाराने साडी बाजूला काढून ठेवली म्हणून ती घ्यायलाच लागते का?"

"आणि त्याने ती दुसऱ्या बाईला नाही म्हणून ठेवली असेल तर, आई?"

"तर ती बाई दुसरी साडी घेते. बायका काय साडीविना परत जातात?"

मुलगी हसली, पण ताटावरून हात काढून माझ्याकडे वळली. "बाबा, मॅचमध्ये कडेने गोलपुढे उंच क्रॉस आला की मी 'कीपर!' म्हणून ओरडते. मग आमच्या डिफेंडर काय करतात?"

"बाजूला होतात."

"आणि मी ओरडले, पण आलेच नाही, तर?"

"गोल होतो."

"सरांनी माझं ऐकून दुसरी कीपर बघितली नसेल. ते बाजूला झालेत, बाबा."

युक्तिवाद चांगला होता. मी तो मान्य केला नाही. मी म्हणालो, "ते बाजूला झाले कशावरून? असे प्रशिक्षक पाच जणींना शब्द देतात. आल्या त्यांतली एक ठेवतात."

"मेबी. तो त्यांचा प्रॉब्लेम."

"पगार माझा निम्मा झालाय. तो कोणाचा प्रॉब्लेम?"

त्यावर तिने ताट बाजूला सारले. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार. पण सरांना तुम्ही सांगायचं. मला नाही सांगता येणार." माझा सल्ला चुकीचा होता असे मी आजही मानत नाही. तरीही तो फोन मी त्या दिवशी केला नाही, दुसऱ्या दिवशीही केला नाही.

बुधवारी संध्याकाळी पुण्याच्या प्रशिक्षकांचाच फोन आला.

"साहेब, मला लाज वाटते सांगायला. होस्टेलची खोली गेली. मॅनेजमेंटने मुलींच्या खोल्या कमी केल्या. प्रवेश आहे, गोलमधली जागा आहे. पण मी खोलीही बोललो होतो. तिला दुसरीकडून बोलावणं असेल, तर ती मोकळी आहे. माझा काही राग नाही."

मी विचारले, "गोलसाठी दुसरी कोणी आहे तुमच्याकडे?"

"दोघी आल्या होत्या विचारायला. जागा भरलीय म्हणून सांगितलं."

हा मनुष्य जूनपर्यंत गप्प बसू शकला असता. मुलगी पुण्यात पोहोचल्यावर खोलीचे कळले असते आणि तेव्हा ती कोठे जाणार होती? मला त्याच्याविषयी आदर वाटला. तो अद्याप आहे. मी म्हणालो, "हे तिलाच सांगा," आणि फोन तिच्या हाती दिला.

तिने सर्व ऐकून घेतले. "सर, पण गोलमध्ये मीच ना? ... मग येते. ... आत्याकडे राहीन."

माझी बहीण चिंचवडला दोन खोल्यांत चार माणसांसह राहत होती. तेथून कॉलेज दीड तासावर होते.

"आत्याला विचारलंस?" मी म्हणालो.

"आता विचारते."

बहिणीने पलीकडून जे सांगितले ते आम्हा सर्वांना ऐकू आले. "ये की! पण सकाळी बाथरूमला नंबर लागतो हो, तिथे तुझी गोलकीपरगिरी चालायची नाही."

खोलीची अट मोडल्यावर ती सुटली होती. तिला सोडणाऱ्यानेच तसे सांगितले होते. तरीही ती सुटली नाही.  मी एवढेच म्हणालो, "मुंबईला नकार तू कळव."

गुरुवारी तिने तो कळवला. मुंबईचे प्रशिक्षक मोठ्याने हसले. "बेटा, तोंडी होकाराला काय किंमत असते? इथे सही केलेल्या पोरी पळतात."

"माहीत आहे, सर."

"मग?"

"मग काही नाही, सर. थँक यू."

"बरं. आमच्याविरुद्ध खेळशील तेव्हा गोल घालू तुझ्यावर."

"ट्राय करा, सर."

फोन ठेवून ती आत निघून गेली. दार लावून घेतल्यावर ती रडली असे पत्नीने मला नंतर सांगितले. जे सोडले त्याची किंमत तिला कळत होती. त्यामुळेच मी त्या नकाराला मानतो.

पहिले वर्ष कठीण गेले. मुलगी पहाटे बस धरी आणि दिवेलागणीनंतर परते. संघ नवा होता, बहुतेक सामने हरला. पण प्रत्येक सामन्यात गोलमध्ये तीच उभी राहिली. माझी नोकरी टिकली, पगार निम्माच राहिला आणि फी आम्ही कशीबशी भरली.

दुसऱ्या वर्षाच्या आरंभी प्रशिक्षक चिंचवडला माझ्या बहिणीच्या घरी गेले. होस्टेलमध्ये खोली मिळाली होती. ते फोनवर सांगता आले असते. मुलीने जावे हे बहिणीला मुळीच आवडले नाही.

"आता कशाला नेता तिला? आम्हाला सवय झालीय तिची," ती म्हणाली.

प्रशिक्षक उभेच होते. "ताई, मी बोललो होतो तिला. वर्षभर उशीर झाला."

मुलगी त्या घरात रमली होती आणि तिला जायचे नव्हते, हे बहिणीला ठाऊक होते. मुलीने आत्याकडे पाहिले, प्रशिक्षकांकडे पाहिले आणि म्हणाली, "आत्या, सर म्हणाले होते ना. जायला पाहिजे."

मग तिने बॅग भरली.