कोकमाने घासलेले बिल्ले
आज देवबागला काकीच्या समया घासायला कोकम भिजत घातलं आणि त्या आंबट वासासरशी काही वर्षांपूर्वी आलेला जुन्या वस्तूंचा एक संग्राहक आठवला. काकीचे सासरे ब्रिटिश फौजेतून महायुद्ध लढून आले होते. त्यांचे पितळी बिल्ले विकून होडीला इंजिन घ्यायचं ठरलं, म्हणून तो मुंबईहून आला होता. भिंगातून तीन बिल्ले उलटसुलट पाहून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, हे घासले कुणी? खाचांतला काळपटपणा हीच तर जुन्याची खूण! आता हे कालच केल्यासारखे दिसतात." काकीचा चेहरा पडला. "कळकट वस्तू पावण्याक कशी दाखवूची?" असं पुटपुटत तिने रीतीप्रमाणे पान द्यायला सासऱ्यांची चंची पुढे केली. चंचीच्या बंदाला चौथा बिल्ला होता, चुन्याकाताने काळाकुट्ट. संग्राहक पान विसरला. "या पलटणीचा बिल्ला मी किती वर्षं शोधतोय! मागाल ते देतो." काकी हरखून उठली. "थांबा तर, ह्यो पण घासून देतंय!" तो असा ओरडला की माडावरचे कावळे उडाले. बिल्ला तसाच काळा गेला आणि जुनं का होईना, इंजिन आलं. उरलेले तीन खाऱ्या वाऱ्याने आता पुन्हा काळे पडलेत; म्हणजे त्यांनाही भाव येईल. मी ते घासायच्या ढिगातून हळूच बाजूला सरकवले, तर मागून म्हातारी काकी म्हणाली, "ते कित्याक ठेवलंस? घास गो." मी मुकाट्याने घासले.