तीन दिवसांचा घरमालक

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मधे कुणी फिदीफिदी केलेलं मला खपत नाही. मास्तर माणूस! आणि त्या मास्तरकीनेच माझी अशी काही फजिती केली म्हणता, की अजून आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कल्याणला दीड खोलीत आम्ही पाच माणसं. आई, धाकटा भाऊ, मी, आमची संध्या आणि चार वर्षांची चिमी. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. आणि एक दिवस ओमानातून बोलावणं आलं! रुस्ताक नावाचं गाव, तिथल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. वर शाळेतर्फे घर, तेही सामानासकट. मी तर चाळभर पेढे वाटले.

पण संध्या बँकेत होती. तिने साफ सांगितलं, "घर बरं असेल तरच मी नोकरी सोडून येणार. आणि बरं आहे की नाही हे तुम्ही नाही सांगायचं. दादा सांगेल."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दिलीप. बारा वर्षं ओमानात मुरलेला. रुसैलला कारखान्यात इंजिनियर, राहायला वादी अदाईला. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला मिरची. शुक्रवारी दुपारी तो येऊन घर बघणार आणि संध्याकाळी संध्याला फोन करणार, असं ठरलं. म्हणजे बघा, माझ्या बायकोने यायचं की नाही, हे मेहुण्याच्या हातात!

मी बुधवारी दुपारी पोचलो. तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. शाळेच्या ड्रायव्हरला परत जायची घाई. त्याने गल्लीच्या तोंडाशी माझ्या बॅगा उतरवल्या, हात लांब केला आणि म्हणाला, "सफेद घर, हरा गेट. दरवाजा खुला है, चाबी अंदर है. शनिवार को मिलेंगे. यल्ला!"

आणि गेला की हो! आता त्या गल्लीत घरं कुठल्या रंगाची? सगळी पांढरी! आणि गेटं? चार तरी हिरवी होती. मला पहिलं उघडं दार दिसलं आणि मी शिरलो.

अहाहा! काय तो हॉल! आमची चाळ पंगतीला बसली असती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. कडेने गाद्या, लोड. मधोमध थाळीत खजूर, केळी, संत्री. शेजारी कॉफीचा थर्मास, तोही गरम! बाजूला स्वच्छ संडास-बाथरूम. खाट नाही, कपाट नाही, पण म्हटलं इथली पद्धत असेल. स्वयंपाकघर दिसेना, चावीही सापडेना. पण नव्या मास्तरासाठी शाळेने फळं मांडून ठेवलीत या विचाराने मला इतकं भरून आलं, की बाकीच्या गोष्टींकडे लक्षच गेलं नाही.

मी तीन केळी खाल्ली. लुंगी लावली. बनियन धुऊन खिडकीच्या गजाला वाळत टाकला आणि लोडाला टेकलो.

तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ सरळ आत आले. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला नक्षीचा फेटा, हातात काठी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बनियनकडे बघितलं. मग छातीवर हात ठेवून सलाम केला आणि चक्क हिंदीत म्हणाले, "बैठो, बैठो. घर तुम्हारा."

त्यांचं नाव नासरबाबा. तरुणपणी गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे, म्हणून हिंदी. हे सगळं त्यांनीच सांगितलं. मला मात्र एक अक्षर विचारलं नाही, ना नाव, ना गाव. मी म्हटलं, विचारतील कशाला? शाळेने ठेवलेला केअरटेकर दिसतोय. आणि घर माझं हे तो स्वतःच म्हणाला, म्हणजे खलास, प्रश्नच मिटला!

पण न विचारता आत येणं? छे! माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "बाबा, ऐसे सीधा अंदर नहीं आने का. दरवाजे पे रुकने का, और बोलने का, मे आय कम इन, सर?"

बाबांनी काठी सावरली. मग म्हणाले, "मे... आय..."

"कम इन, सर."

"कमिन सर."

"शाबास! अब बाहर जाके फिर से आओ."

आणि गेले हो बाहेर! सत्तरीचा माणूस, काठी टेकत उंबऱ्याबाहेर गेला, वळला आणि म्हणाला, "मे आय कमिन, सर?" मी म्हटलं, "येस, कम इन!" असं तीनदा करून घेतलं. तिसऱ्या वेळी उच्चार बरा आला.

संध्याकाळी बाबांनी स्वतःच्या हाताने ही मोठी परात आणली. भातावर मटण. मी शाकाहारी! मी म्हटलं, वा, मेसचीसुद्धा सोय आहे. मग काय, सूचना दिल्या. "बाबा, कल से भाजी-दाल. तेल कम. और रोटी थोडी नरम बोलो किचन में."

"हाजिर," बाबा म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी खरंच डाळ, भाजी आणि मऊसूत रोट्या! मी मनात म्हटलं, संध्याला इथे हात ओले करायला नकोत.

गुरुवारी मला आईची आज्ञा आठवली. निघताना तिने चारदा बजावलं होतं, "नव्या घरात आधी दूध उतू घाल रे. विसरशील हो मेल्या!" बाबांना म्हटलं, शेगडी आणि दूध पाहिजे. त्यांनी कोळशाची शेगडी आणली, पातेलंभर बकरीचं दूध आणलं आणि शेजारी कौतुकाने बसले. मला दूध प्यायचंय असं त्यांना वाटलं असणार.

दूध वर यायला लागलं. बाबांनी पातेल्याला हात घातला. मी तो धरला!

"दूध गिरता है, उस्ताद!"

"गिरने दो!"

"गालिचा..."

"गिराना ही है, बाबा! छोडो!"

चर्रर्र! दूध शेगडीवर, शेगडीतून खालच्या तबकात, तबकातून गालिच्यावर. धूर, राख, वास! मी हात जोडून उभा, आणि बाबा आपला हात सोडवून घेऊन गालिच्याकडे बघतायत. मग हळूच म्हणाले, "माशाल्ला." दुसरं काय म्हणणार बिचारे?

आला शुक्रवार. दादा यायचा दिवस. मी इस्त्रीचा शर्ट घातला, लोड सरळ केले, दुधाच्या डागावर माझी बॅग ठेवली. आणि बघतो तर काय, दुपारची नमाज झाली आणि दहा-बारा मंडळी दारात. सगळे पांढऱ्याशुभ्र झग्यात. मला वाटलं, शेजारी मंडळी नव्या मास्तराला भेटायला आली. काय योग! दादाच्या समोर माझा मान दिसणार!

मी दारात उभा. "या, या! वेलकम! बैठिए!" एकेकाचा हात धरून बसवला. नासरबाबा सवयीने वरच्या बाजूला बसायला गेले, तर मी त्यांना दंडाला धरून खाली दाराजवळ, चपलांशेजारी आणून बसवलं. "बाबा, आप इधर. मेहमान को ऊपर बैठने दो."

बाबांनी डोळ्यांनीच काहीतरी खुणावलं आणि सगळे खाली बघून दाढ्या कुरवाळायला लागले.

मग मी कॉफी ओतली. इवल्याशा कपात तळाला घोटभर ओततात हे मी पाहिलं होतं. म्हटलं, असला कंजूषपणा माझ्या घरी नाही. काठोकाठ भरले! लोकांनी एकमेकांकडे बघितलं, कशीबशी कॉफी संपवली आणि दोघे-तिघे उठलेच. मी खांदे दाबून खाली बसवलं. "अरे, बैठो! और एक!" परत काठोकाठ. ते परत उठले. मी परत बसवलं.

अशात गल्लीतून माझा आवाज ऐकून दादा आला. मी धावत पुढे गेलो. "या दादा! हा आपला हॉल. कसा वाटला?"

दादाने दारातूनच खोली पाहिली. खिडकीच्या गजावरचा माझा बनियन पाहिला. चपलांशेजारचे नासरबाबा पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला. बाबांपाशी वाकला, सलाम केला, बाबा काहीतरी म्हणाले, आणि मग दादा मला कोपऱ्यात ओढून दात आवळून म्हणाला, "अहो मास्तर, हे घर कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं!"

"कोण म्हणालं?"

"हे बाबाच म्हणाले. घर तुम्हारा."

"ते तर आत्ता मलाही म्हणाले! मग काय मी उद्या वादी अदाई सोडून इकडे राहायला येऊ?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. दादा दबक्या आवाजात एकेक खिळा ठोकत होता. "ही मजलिस आहे. यांची बैठकीची खोली. वाटसरूला दार उघडं ठेवतात. आलेल्या पाहुण्याला तीन दिवस 'तू कोण, कशाला आलास' असं विचारत नाहीत, तो इथला रिवाज आहे. आणि कप काठोकाठ भरला म्हणजे पाहुण्याला सांगायचं, पी आणि चालता हो!"

म्हणजे मी त्या सभ्य माणसांना एका हाताने हाकलत होतो आणि दुसऱ्या हाताने दाबून बसवत होतो! आणि घरमालकाला चपलांत बसवलं होतं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. संध्या आता कसली येते? आणि कुठल्या तोंडाने म्हणू, ये?

मी बाबांपुढे जाऊन हात जोडले. बोलायला तोंड उघडलं, पण इंग्रजीच्या मास्तराला एका भाषेत शब्द सुचेल तर शपथ! बाबांनीच माझा हात धरला, शेजारी बसवलं, आणि बोटं मोजत म्हणाले, "बुध, जुम्मेरात, जुम्मा. तीन दिन हो गया. अब पूछूँ, उस्ताद? आप कौन?"

अख्खी मजलिस फुटली! बारा माणसं गादीवर लोळून हसत होती. तीन दिवस दाबून ठेवलेलं हसू ते! मीसुद्धा हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग बाबांनीच माझं खरं घर शोधून दिलं. दोन दारं सोडून, किराण्याच्या दुकानावर. पांढरं घर, हिरवं गेट, दार उघडं, आत चावी. दोन खोल्या. खाट, कपाट, बोटभर धूळ आणि एक गळका नळ. दादाने सगळं फिरून पाहिलं. माझा जीव टांगणीला.

तसाच फोनच्या बूथवर गेला. मी बाहेर काचेला नाक लावून उभा. आत आवाज ऐकू येत होता.

"संध्या, घर दोनच खोल्यांचं आहे. नळ गळतो. ... नाही, नवरा तसाच आहे तुझा, काही सुधारणा नाही. ... अगं, पण शेजार असा आहे, की तुझ्या नवऱ्याला त्यांनी तीन दिवस सहन केलं, वर मऊ रोट्या घातल्या! असा शेजार कल्याणला तरी मिळेल का? बिनधास्त ये."

आणि आली हो! दोन महिन्यांनी संध्या आली, चिमी आली. मी दादाला शपथ घातली होती, तिला काही सांगायचं नाही. त्याने पाळली. घर बघून तिने नाक मुरडलं नाही, नळाला चिंधी बांधली आणि म्हणाली, "बरं आहे की! मग दूध उतू घातलंत का? आई फोनवर तेच विचारत होत्या."

"हो तर! आल्याच्या दुसऱ्याच दिवशी!" मी छाती फुगवून म्हणालो. खोटं नव्हतं ते.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज. नासरबाबा! एका हातात बकरीच्या दुधाचं पातेलं, मागे त्यांचा मुलगा शेगडी घेऊन. दार सताड उघडं होतं, पण बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले. सरळ उभे राहिले, घसा साफ केला.

"मे आय कमिन, सर?"

संध्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अय्या, किती छान शिकवलंय तुम्ही! यांना कुठे भेटलात?"

मी काही बोलायच्या आत बाबा तिला म्हणाले, "बेटी, उस्ताद ने सिखाया. मेरे ही घर में."