काकूने घेतलेलं बिनदारांचं घर

आमच्या काकूने पन्नाशी उलटल्यावर घर बदललं आणि सगळ्या नातेवाइकांना बोलायला विषय मिळाला.

काकू कपडे शिवते. लग्नाचे सूट, शाळेचे गणवेश, नाटकवाल्यांचे झगे, काहीही. गळ्यात कायम टेप, म्हणून गल्लीत तिला टेपबाईच म्हणतात. काका घड्याळं दुरुस्त करायचे. एका सकाळी त्यांनी नुकतंच जोडलेलं घड्याळ एका कानाशी नेलं, मग दुसऱ्या कानाशी, आणि काकूपुढे धरून विचारलं, "चालतंय का गं?"

घड्याळ टिकटिकत होतं. काकांनाच ऐकू येत नव्हतं.

पुढे ते वाढतच गेलं. कानातल्या यंत्रातून नुसता गोंगाट यायचा, शब्द कळायचे नाहीत. त्यांचा जुना फ्लॅट म्हणजे एक लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येकीला दार. काकू काही सांगायला जाऊन खांद्यावर हात ठेवायची, की काका दचकायचे आणि चिमट्यातला स्क्रू टेबलाखाली. मग दोघंही गुडघ्यांवर तो शोधत, एकमेकांवर चिडत. हळूहळू काकांनी खोलीबाहेर येणंच कमी केलं.

अशात एका एजंटने काकूला पडदे शिवायला बोलावलं. गावाच्या टोकाला एका नामांकित आर्किटेक्ट बाईंनी बांधलेलं घर बरेच दिवस पडून होतं. गिऱ्हाइकं यायची, "वा वा" करायची आणि निघून जायची, कारण बाथरूम सोडलं तर आत एकही दार नव्हतं. अर्ध्या अर्ध्या मजल्याच्या पायऱ्या, मध्ये मोकळा जिना, एका अंगाला अख्खी काच. काकू ओट्यापाशी उभी राहिली आणि पडदे विसरली. तिथून जिना दिसत होता, वरचा माळा, बाहेरचं फाटकसुद्धा.

"तुम्ही वर जाऊन उभे राहा," ती एजंटला म्हणाली. "आता हात वर करा. आता त्या कोपऱ्यात."

बिचारा घरभर हात वर करून हिंडला. प्रत्येक ठिकाणी तो तिला दिसला.

दुसऱ्या दिवशी ती काकांना घेऊन गेली. त्यांना माळ्यावर उभं केलं आणि खालून कप ओठाला लावल्यासारखं करून चहाची खूण केली. काकांनी वरून बोटांनी दाखवलं: अर्धाच. आणि कितीतरी दिवसांनी ते हसले.

घर घेण्यासाठी फ्लॅट विकावा लागला, काकूच्या शिवणाच्या दुकानाचा गाळाही. "नाकापेक्षा मोती जड!" आत्या कडाडली. चुलतभाऊ म्हणाला, "आई, असली घरं मासिकात बघायची असतात. त्यात राहायचं नसतं."

"मग मासिकातल्या त्या घरांत राहतं कोण?" काकू म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

पहिल्या वर्षी मात्र घराने तिला रडवलं. दुपारनंतर पश्चिमेच्या काचेतून असं ऊन यायचं की ठेवलेलं कापड विटायचं. फोडणी घातली की शिवलेल्या सुटांना वास. वरचा दिवा बदलायचा तर परांची बांधावी लागायची. एका पावसात छत गळलं, तेही नेमकं पलंगावर. आत्याला तर आनंदाचं भरतं आलं.

काकूने सरळ आर्किटेक्टबाईंना फोन केला. त्या आल्या, सत्तरीच्या, काठी टेकत. काकूने त्यांना भर दुपारी काचेपाशी खुर्ची दिली आणि स्वतः सावलीत बसली. थोड्या वेळाने बाईंनी कपाळ पुसलं.

"मोकळं घर पहिल्या मालकांना हवं होतं," त्या म्हणाल्या. "ही काच मात्र माझा हट्ट. चुकलंच माझं."

त्यांनी तिथेच बाहेरून लावायच्या लाकडी झडपांचा आराखडा काढून दिला. छतासाठी माणूसही पाठवला. काकूचा उत्साह वाढला. "आता कापडासाठी इथे एक भिंतही घालू या का?"

"घाला की. मग ओट्यावरून माळा दिसणार नाही. तुम्ही घर कशासाठी घेतलंत?"

काकूने दुसऱ्याचं म्हणणं ऐकलं. आमच्या आठवणीत पहिल्यांदाच. कापड जिन्याखाली गेलं.

मग चुलतभाऊ आणि वहिनी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आले. "आई, एक तरी दार बसव गं. बाळ रडलं की सगळं घर जागं होतं."

"सगळं कुठे? तुझे बाबा झोपतात ना मस्त."

एका दुपारी वहिनी आंघोळीला गेली होती, भाऊ फोनवर बोलत अंगणात फिरत होता, काकूच्या मशीनची खडखड चालू होती. बाळ खाली गादीवर निजलं होतं. त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच कूस पालटली आणि ते मऊ उशीत तोंड खुपसून पडलं. त्याला रडताही येईना. कुणालाच काही ऐकू आलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

माळ्यावर घड्याळावर वाकलेल्या काकांनी मान वर केली आणि त्यांना ते दिसलं. भिंग लावलेल्या डोळ्यानेच ते जिना उतरत धावले आणि बाळाला उचललं. काळंनिळं झालेलं तोंड क्षणभर तसंच राहिलं, मग बाळाने टाहो फोडला. काकांना तो ऐकू आला नाही. छातीवर कळला. बाळाला घट्ट धरून ते तिथेच जमिनीवर बसले. काकू मशीन सोडून धावत आली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली.

"मी आहे ना," काका तिला म्हणाले. "मला दिसतं सगळं."

त्यानंतर भावाने दाराचं नाव काढलं नाही. काकांनी मात्र वहिनीच्या पलंगाभोवती स्वतः जाड पडदा लावून दिला.

घर अजूनही खर्चीक आहे. यंदा छताचं काम पुन्हा निघालंय आणि त्यासाठी काकूने एका शाळेचे गणवेश जास्तीचे घेतलेत. मागच्या महिन्यात त्याच आर्किटेक्टबाईंनी पलीकडे बांधलेलं तसंच घर बघायला आलेलं एक जोडपं तिच्याकडे चौकशीला आलं. काकूने गळणारं छत, वास, दिवा सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही.

"आधी तुम्हाला घरात काय हवंय ते ठरवा," ती म्हणाली. "नुसतं लोकांना दाखवायचं असेल तर त्यापेक्षा चांगला सूट शिवून घ्या. मी स्वस्तात शिवीन."

जोडप्यातल्या बाई हसल्या. "पण तुम्ही पुन्हा घ्याल का हे?"

"आत्ताच्या आत्ता," काकू म्हणाली आणि त्यांना घर दाखवायला उठली.