सहा वाजताची बस

परवा आमच्या पूनम सागर वसाहतीच्या गेटशी सहलीची बस उभी होती. उघड्या दारातून एसीचा आणि सीटकव्हरचा कोंदट वास आला आणि मला पॅरिस आठवलं. बारा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि मुलं मराठी ग्रुप टूरबरोबर गेलो होतो. बसला उशिरा येणाऱ्याने सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं, असा टूरचा नियम होता. सहा दिवसांत आम्हाला एकदाही उशीर झाला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. त्या संध्याकाळी आयफेल टॉवरखाली बोचरा वारा होता, कुठेतरी साखर करपल्याचा वास येत होता. बस सहाला सुटणार होती आणि टॉवरवरचे दिवे झगमगणार होते, तेही बरोबर सहालाच. "बाबा, एकदाच बघूया ना, प्लीज," नऊ वर्षांची मुलगी म्हणाली. बायको म्हणाली, "अहो, पाच मिनिटांनी काय होतंय?" मी पावणेसहालाच तिघांना बसमध्ये नेऊन बसवलं. धाकटा मागे वळून वळून बघत होता. बस एका इमारतीआड होती, तिथून टॉवर दिसत नव्हता. बाकीचे अठ्ठावीस जण सहा वाजून बारा मिनिटांनी हसत, फोटो दाखवत आले. "काका, काय मिस केलंत तुम्ही!" म्हणत त्यांनी बेसूर गाणं सुरू केलं. मुलगी काचेकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, तुमच्याऐवजी मी म्हटलं असतं गाणं." खरं तर प्रश्न वेळेचा नव्हताच, मला चारचौघांत गायची लाज वाटत होती. ते तिला नवव्या वर्षी कळलं होतं. आज ती एकवीसची आहे आणि मी अजून तिच्याजवळ ते कबूल केलेलं नाही.