गुरुवारच्या तळणीचा वास

अकरा वर्षांत अनारकुलने गुरुवारी कढई चुलीवर चढवली नव्हती. तेरेक-बुलुनसारख्या डोंगराआडच्या गावात ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. गुरुवारी दुपार कलली की तिथे घराघरांतून तळणीचा वास निघतो. बायका कणकेचे चौकोनी तुकडे, म्हणजे बोर्सोक, उकळत्या तेलात सोडतात आणि दार उघडं ठेवतात. तो वास घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत जातो. आपली आठवण निघाली, हे त्यांना कळतं. ज्या घरातून वास येत नाही, तिथली मेलेली माणसं उंबऱ्याशी उपाशी उभी राहतात, असं म्हणतात.

अनारकुल ख्रिस्ती झाली आणि तिने ही चाल सोडली. तळण सोडलं नाही, गुरुवार सोडला.

तिला पाहिलं की कुठेतरी उशीर झालाय असं वाटावं. मान खाली, पावलं भराभर, खांद्यावर मलमपट्टीची पिशवी. वय सेहेचाळीस. मिरान नावाची कोरियन मिशनरी परिचारिका गावात नऊ वर्षं राहिली होती. तिच्या हाताखाली अनारकुल अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा शिकली. चार वर्षांपूर्वी मिरानला राहण्याचा परवाना पुन्हा मिळाला नाही आणि ती गेली. तेव्हापासून तीन गावांतले असे रुग्ण अनारकुल एकटीच बघत होती. रविवारी तिच्या घरी प्रार्थनेला नऊ जण जमत. शेजारीण नुरबूबू हसत म्हणायची, "आमची अनारकुल मेलेल्यांना उपाशी ठेवते, आणि मरायला टेकलेल्यांना हातानं भरवते." यातलं निम्मं कौतुक होतं. बाकीचं निम्मं कुठे लागायचं तिथे लागायचंच.

मार्चमध्ये तिच्या सासूबाई बर्फावरून घसरून पडल्या आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. बातमा आपांचं वय त्र्याऐंशी; चुलीचं काम त्यांनी केव्हाच सुनेवर सोडलं होतं. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत पडून होत्या. सात महिन्यांत त्यांच्या पाठीला एक फोड आला नव्हता. अनारकुलला स्वतःबद्दल फारसा अभिमान नव्हता, पण त्या पाठीबद्दल होता. जीभ मात्र आपांची आधी होती तशीच होती. उन्हाळ्यात एकदा त्यांनी सरळ विचारलं, "मी गेल्यावर माझ्यासाठी कोण तळणार?" अनारकुलने त्यांच्या वाटीत चहा ओतला, तोही काठोकाठ, जसा तिथे कुणी ओतत नाही.

ऑक्टोबर उजाडला तसं आपांनी खाणं कमी केलं. मग चार दिवस नुसता चहा. "घास तोंडात फिरतो," म्हणायच्या. असे म्हातारे अनारकुलने किती पाहिले होते. खाणं सुटलं की पंधरा दिवस, फार तर वीस. ती रोज मनातल्या मनात दिवस मोजायची आणि मोजल्याबद्दल स्वतःवर चिडायची.

अशात नारीन शहरातून चर्चचा पाळक कुबानिच याचा फोन आला. तो शनिवारी यायचा होता. पण घाटात बर्फ पडणार म्हणून आजच निघतोय, बरोबर आणखी तिघं आहेत, म्हणाला. पाहुणे येणार आणि दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, बोर्सोक नाहीत, हे त्या गावात कुणा बाईकडून होणार नाही. अनारकुलने कणीक मळली, लाटली, कापली. चौघांची अंथरुणं, आपांचं औषध, कोळसा पुरेल का, अशा विचारांत तिने कढई चढवली. वार कोणता, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

निम्मी परात तळून झाली असेल. आतून हाक आली.

"सूनबाई."

"काय आपा?"

"दार उघडं ठेव."

ती आत गेली. आपा कोपरावर टेकून अर्ध्या उठल्या होत्या. डोळे भरले होते आणि नाक थोडं वर उचललेलं. "आणलंस एकदाचं मनावर," त्या म्हणाल्या. "एक दे."

अनारकुलने बशी पुढे धरली. आपांनी एक बोर्सोक पूर्ण खाल्ला. मग दुसरा. मग दोन्ही तळवे समोर उघडून नावं घेतली. नवऱ्याचं, सुलतानअलीचं. पाळण्यातच गेलेल्या पहिल्या मुलाचं. दोन दिरांचं. तळवे चेहऱ्यावरून खाली ओढले आणि उशीवर डोकं टेकलं. दारातून नुरबूबूने डोकावून म्हटलं, "पोहोचो गं, सगळ्यांना पोहोचो."

अनारकुल बशी धरून उभी होती. आज गुरुवार आहे, हे तिला तेव्हा समजलं.

संध्याकाळी आपांनी वाटीभर शेवयांचा रस्सा घेतला. दुसऱ्या दिवशी मटणाचं पाणी, वर चतकोर भाकरी.

रात्री उशिरा पोचलेल्या पाहुण्यांच्या वाट्या त्या सकाळी विसळताना तिने कुबानिचला सगळं सांगितलं.

"खोटं काही बोललात का, अनारकुल एजे?" त्याने विचारलं. तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

"काहीच बोलले नाही."

"मग झालं तर. म्हातारं माणूस आहे. खाऊ दे की. बळ आलं की सावकाश सांगा."

तिला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिचा नवरा, तुरात, मेंढ्या घेऊन डोंगरावरून उतरला, त्याने आईच्या गालांवरचा रंग पाहिला आणि तो खूश झाला. तो अनारकुलच्या प्रार्थनेत कधी बसला नव्हता, कधी आड आला नव्हता.

"पुढच्या गुरुवारी पण तळ," तो म्हणाला.

"ते मी पाहुण्यांसाठी तळलं होतं."

"मग पुन्हा पाहुणे बोलाव. अनार, चार तुकडे पिठाचे गं. तेवढ्यानं तुझा देव रुसतो?"

"देव नाही रुसत. आपांना मी फसवतेय."

"आई जेवतेय ना?"

"जेवतेय."

"मग?"

सोमवारी आपांनी स्वतः चमचा धरला. मंगळवारी ती शेजारच्या गावात एका लुळ्या झालेल्या मेंढपाळाची पट्टी बदलायला गेली. मिरानने तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. अंथरुणावरच्या माणसाला पुढे काय होणार ते आधी सांगायचं, मग हात लावायचा. कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं. "आता पाणी गार लागेल हं," असं ती त्या मेंढपाळाला म्हणाली आणि तिचा स्वतःचाच हात थांबला.

"काय झालं?" मेंढपाळाने विचारलं. "पाणी गार आहे की तू?"

"मीच," ती म्हणाली.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला आपा म्हणाल्या, "उद्या जरा जास्त कणीक भिजव. माझ्या आईचं नाव राहिलं त्या दिवशी. ती काही बोलायची नाही, पण तिला लागलं असेल."

अनारकुलला त्या रात्री डोळा लागला नाही. सांगितलं आणि आपांनी पुन्हा ताट सारलं, तर? ते पंधरा दिवस तिच्या माथी असते. गावाच्या तोंडून नाही, तिच्या स्वतःच्याच.

गुरुवारी सकाळी तिने आपांना पुसून काढलं, कूस बदलली, पाठीशी लोड दिला आणि समोर बसली. हात मांडीवर घट्ट धरले.

"आपा, मागच्या गुरुवारचं तळण आपल्या माणसांसाठी नव्हतं. नारीनहून पाहुणे येणार होते. वार माझ्या लक्षात नव्हता. तुम्ही नावं घेतलीत तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही जेवलात, म्हणून माझं तोंड उघडलं नाही."

आपांनी लोडावरून मान उचलली.

"म्हणजे ते पाहुण्यांचं होतं."

"हो."

"आणि मी माझ्या माणसांना त्यावर बोलावून बसले. सुलतानअली जन्मात कुणाच्या दारी बोलावल्याशिवाय गेला नाही. त्याला मी परक्या ताटावर बसवलं."

"चूक माझी आहे, आपा."

"तुझीच आहे. आज तळणार आहेस?"

"नाही. मी तुमचं नाव रोज देवापुढे घेते. तुम्ही गेल्यावरही घेईन."

"रोज?"

"रोज."

"कोरडंच?"

"कोरडंच, आपा."

आपांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी रस्सा आणला तर ओठ मिटून घेतले. अनारकुलने तो परत नेला, गरम केला, पुन्हा आणला. ओठ तसेच. तिने मनात एक आकडा धरला आणि लगेच पुसायचा प्रयत्न केला.

मग भिंतीकडूनच आवाज आला. "झूराला बोलावून आण. आणि मला जे सांगितलंस, ते तिलाही तुझ्या तोंडानं सांग."

झूरा म्हणजे नणंद, तुरातची थोरली बहीण. ती ओढ्यापलीकडे राहायची. अकरा वर्षांत तिने भावाच्या घरी चहाखेरीज काही तोंडात घातलं नव्हतं. आपांजवळ नुरबूबूला बसवून अनारकुल गेली. झूरा अंगणात लोकर पिंजत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

"एजे, तुम्ही तर बाबांसाठी दर गुरुवारी तळता," अनारकुल म्हणाली. "आपांना हे ठाऊक आहे. मग त्यांना माझ्याच हातचं का हवं?"

"तुझ्या हातचं कोण मागतंय? त्या घरचं हवंय. बाबा त्या घरात राहिले. माझ्या दारी ते पाहुणे." झूराने लोकर खाली ठेवली. "मी येते. तुमच्या चुलीवर तळते. चालेल तुला?"

तिच्या घरातून गुरुवारी वास निघणार. रविवारी नऊ जण येणार, त्यांतल्या दोघींनी तिच्याकडे बघूनच तळणं सोडलं होतं आणि त्यापायी सासरी बोलणी खाल्ली होती. त्यांना काय सांगायचं?

"चूल आपांची आहे, एजे," ती शेवटी म्हणाली. "मी तिथे नंतर आले. त्यांच्या चुलीवर त्यांच्या लेकीला नको म्हणणारी मी कोण?"

"कणीक तरी मळशील?"

"नाही."

"हट्टी आहेस."

"आहे."

"आईच्या पाठीला एक फोड नाही, नुरबूबू सांगत होती," झूरा झग्याला हात पुसत म्हणाली. "हट्टाशिवाय ते जमत नसेल. चल."

झूराने कणीक मळली, तळली. अनारकुल आत आपांच्या उशाशी बसून होती. वास खोलीत आला तेव्हा आपा स्वतःहून सरळ झाल्या. तळवे उघडून या वेळी आधी आईचं नाव घेतलं, मग सुलतानअलीचं, आणि त्याला दोन वाक्यांत झाला प्रकार समजावून सांगितला. झूराच्या हातून एक बोर्सोक खाल्ला. अनारकुलकडे पाहिलं नाही.

झूरा गेली. दिवस मावळत आला. अनारकुल रश्शाची वाटी घेऊन तिथेच बसली होती. पुढे करायचं धाडस होत नव्हतं. रविवारी काय बोलायचं हेही सुचत नव्हतं. रश्शावर चरबीची साय धरायला लागली.

"गार झाला असेल तो," आपा छताकडे बघत म्हणाल्या.

"गरम करून आणते."

"मीठ बघून घाल. दुपारचा वासावरूनच अळणी वाटत होता."

अनारकुल उठली. घाईघाईने, मान खाली घालून, उशीर झाल्यासारखी.