जहाजाच्या पोटातली लग्नं

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, मग लिहिणं सहीपुरतंच उरलं. पण राग अजून गेलेला नाही, आणि मला भांडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कागद हातात आला की आमचे कटिंगवाले भाऊ आधी तो वाकवून पाहायचे. दोन्ही कडा बोटांत धरायच्या, हलकेच दाबायचं, मग फिरवून दुसऱ्या बाजूनं दाबायचं. ज्या बाजूनं सहज वाकेल ती बाजू कागदी जहाजाच्या पोटाला. "उलटा वाकवला का मोडतो, ताई. मंग त्याला डिंक पाजा न्हाईतर दूध."

वारूळवाडीत लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. तिथं ते कटिंग मशीनवर होते आणि मी पत्रिका दुमडून पाकिटात भरायला. नऊ वर्षं आमच्यामध्ये एक टेबल होतं. मी कुणाशी फारशी बोलत नाही. त्यांना ते बरं पडायचं.

छापखान्यात चुका होतात. वार चुकतो, सकाळचा मुहूर्त संध्याकाळचा छापला जातो, कधी छापून झाल्यावर सोयरीकच मोडते. तुम्हीही पाहिलं असेल, असल्या पत्रिका कुणी रद्दीत घालत नाही, कारण वर गणपती असतो. शेठ त्यांचे गठ्ठे येडगावच्या धरणात सोडायला पाठवायचे. कटिंगवाल्या भाऊंनी ते मागून घेतले. "न्या की, तेवढंच पेट्रोल वाचलं," शेठ म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

ते एकेका पत्रिकेवरचा गणपती ब्लेडनं कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि अनंत चतुर्दशीला डबा पाण्यात रिकामा करायचे. उरलेल्या कागदाची जहाजं, विमानं व्हायची. छापील बाजू आत, पांढरी बाहेर.

त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. बोट पाहिली ती धरणातली मासे धरायची. पण मोबाईलवरच्या फोटोवरून माप काढायचे, खऱ्याच्या दोनशेवा भाग, ना कमी ना जास्त. त्यासाठी कार्डाचीच एक पट्टी आखली होती. सायकलच्या तारेवर कागद गुंडाळून तोफा करायचे. पत्रिका घ्यायला आलेले पाहुणे विचारायचे, "पाण्यात चालतं का राव हे?" ते मान वर न करता म्हणायचे, "तुमची पत्रिका चालती का पाण्यात?"

आणि काही चिकटवायच्या आधी एकच वाक्य. "आधी कोरडं जुळवायचं, मंग डिंक." जुळलं नाही तर तुकडा बाजूला. चार महिने एका युद्धनौकेला लागले. हातभर लांब, पांढरीशुभ्र. पूर्ण झाली तेव्हा दसरा होता.

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. त्यांनी कटिंग मशीनला झेंडूची माळ घातली आणि शेजारी जहाज ठेवलं. शेठ पेढे घेऊन आले, जहाजाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आसं व्हय. माझं पांढरं कार्ड हितं गेलं तर."

भारी पांढऱ्या कार्डाचे काही गठ्ठे त्या महिन्यात कमी भरले होते. ते कुठं गेले हे आजही कुणाला ठाऊक नाही. मला अंदाज आहे, पण लिहिणार नाही. अंदाजावरच त्यांना चोर ठरवलं गेलं.

"आतून सगळं छापील हाय, शेठ. चुकल्याल्या पत्रिका," ते म्हणाले.

"मंग दाखव उघडून."

त्यांनी जहाजाकडं पाहिलं. कापलेले गणपती डब्यात असते तर ते मोजून दाखवले असते, पण ते तर कधीच पाण्यात गेले होते.

"न्हाई उघडायचं. पगारातून कापा."

सगळ्यांनी ते कबुलीसारखं घेतलं. मी तिथंच उभी होते. मला सगळं माहीत होतं. हातात पेढा होता आणि तोंडातून शब्द निघाला नाही. सगळ्यांत जास्त राग मला त्या पेढ्याचा येतो, कारण मी तो खाल्ला.

महिन्याला पाचशे, असे चौदा महिने कापले. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी ते काम सोडून घाटघरला गावी निघाले. जहाज माझ्याकडं ठेवलं. "आमच्याकडल्या पावसात त्याचा पापड व्हईल. कोरडं ठिवा, ताई."

पुढच्या लग्नसराईत नवा माणूस कटिंगवर आला. येडगावचे पाहुणे पत्रिकेचे नमुने बघत बसले होते. त्यांच्यासमोर शेठ नव्या माणसाला म्हणाले, "ध्यान ठिवीन हां. आधीचा गडी जहाजभर कार्ड घिऊन गेला." पाहुणे हसले. नवा माणूसही हसला. त्याला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे छपाई तपासायला येणार होते. मी जहाज साडीत गुंडाळून नेलं. वाटेभर बोलायचं वाक्य कोरडं जुळवत होते. आत गेल्यावर त्यातलं एकही अक्षर आठवेना. मग टेबलावरचं ब्लेड घेतलं आणि जहाजाचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरून त्याचे दोन तुकडे केले.

आत नवरानवरी, मामा, हळदीची वेळ, भोजनाची वेळ. जहाजाच्या बरगड्यांवरसुद्धा आहेराबद्दलच्या ओळी. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं चष्मा सावरला. "आरं, ही तर आमच्या सविताची पत्रिका. वार चुकला म्हणून परत छापली व्हती. हितं व्हय ही?"

कुणी हसलं नाही.

शेठ म्हणाले, "बाई, येवढं फाडायची काय गरज व्हती? तोंडानं सांगायचं."

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही उघड म्हणालात."

भाऊंच्या कापलेल्या पगारातले तीन हजार शेठनी ड्रॉवरमधून काढले. बाकीचे सीझन झाल्यावर, म्हणाले. मी हात मांडीवर ठेवून बसले. समोर शेकडो पत्रिका दुमडायच्या पडल्या होत्या, लग्न आठ दिवसांवर, आणि पाहुणे अजून गेले नव्हते. संध्याकाळी उरलेले चार हजार आले.

रविवारी जुन्नरहून एसटीनं घाटघरला गेले. ते ओट्यावर बसले होते. मी दोन्ही तुकडे पुढं ठेवले. त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पातं जुनं व्हतं?"

"हो."

"नवं घालायचं व्हतं." त्यांनी एक तुकडा उलटा करून पाहिला. "कशापायी कापलं?"

"तुम्हाला चोर म्हणत होते, भाऊ."

"म्हनू द्यायचं. म्या चोर नव्हतो, मला ठावं व्हतं. जहाज येकच व्हतं, ताई."

मला त्यांचाही राग आला. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं चौदा महिने गप्प होतो. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी फक्त नोटा पुढं केल्या.

त्यांनी हात लावला नाही. दोन्ही तुकडे कडेला कडा लावून जुळवून पाहिले, जुळले नाहीत, आणि ते घेऊन आत गेले. त्यांच्या बायकोनं ओले हात पदराला पुसले, नोटा दोनदा मोजल्या.

"सात हजार," ती म्हणाली. "पुरं आलं."