आधी दुभती, मग वासरं

लहान मुलांच्या लशीच्या तारखा आमच्या शेजारच्या आबांइतक्या छातीठोकपणे उभ्या मंगळवार पेठेत कुणी दिल्या नसतील, आणि त्या माझ्याइतक्या भक्तिभावाने कुणी ऐकल्याही नसतील. मी विज्ञानाचा शिक्षक. आबांची हयात गुरांच्या दवाखान्यात म्हशींना सुया टोचण्यात गेलेली. त्यामुळे कोरोनातही त्यांचे सगळे आडाखे गोठ्यातूनच निघत. "सर, आधी थकलेली, मग दुभती, मग वासरं. क्रम ठरलेला हाय. गणपतीपतूर पोरांचा नंबर लागतोय की न्हाई बघा." एकदा मी खोकलो, तर कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "रवंथ नीट चाललंय न्हवं?" मी "हो" म्हणालो.

या तारखांत आबांचा जीव अडकला होता. त्यांची पंधरा वर्षांची नात मलकापूरला असे. आजवरची प्रत्येक सुट्टी तिने आबांकडे काढली होती. पण आबांची छाती अधू, म्हणून मुलाने बजावलं होतं की पोरीला लस मिळाल्याशिवाय ती कोल्हापूरला येणार नाही. तरीही आबा रोज सकाळी तिची गादी उन्हात टाकत आणि संध्याकाळी झटकून आत नेत.

आता माझा पराक्रम सांगतो. आबांची तारीख मी व्हॉट्सअ‍ॅपवर "आतल्या गोटातून समजते की" असं लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवली. लोक मला फोन करून खात्री करून घेऊ लागले, आणि मीही आवाज खाली आणून बोलू लागलो. चौथ्या दिवशी आबा पेढे घेऊन दारात आले. "मी म्हणत हुतो की, सर. मलकापुरातनं पोराचा फोन आलता. तिकडंबी हीच बातमी हाय. कुणा शिकलेल्या मानसानं लिवलीया." शिकलेल्या माणसाच्या घशात पेढा अडकला. तो कसाबसा उतरल्यावर त्याने दुसरा घेतला.

गणपती आले आणि गेले. नातीची गादी मात्र उन्हात पडत राहिली. खरं सांगायची मला लाज वाटली. "पुरवठा अडला असेल," असं मी वर्गात बोलतो त्या आवाजात आबांना सांगितलं.

शेवटी जानेवारीत मोठ्या मुलांना लस सुरू झाली आणि काही दिवसांनी नात आली. आबा तिचा दंड हलकेच चोळत अंगणात बसले होते. मला राहवलं नाही, मी सगळं कबूल केलं.

"मला ठावं हुतं की," आबा म्हणाले. "पोरानं मेसेज वाचून दावला. त्यात तुमी 'वासरं' तसंच ठेवलंवतं. पर आपलंच बोलनं दुसऱ्याच्या तोंडनं आलं की खरं वाटतंय, सर."

नात आता पुण्याला कॉलेजात आहे. सुट्टीत तिला क्लास असतात, मैत्रिणी असतात. आबा थकलेत, पण गादी अजून उन्हात येते. "दिवाळीला येतीया बघा," ते कुंपणापलीकडून म्हणतात. तिचा महिनाभर फोन नाही, हे मला ठाऊक असतं.

"हो आबा," मी आवाज खाली आणून म्हणतो, "मलाही तसंच समजलंय."